काटेवाल्यांचे तेरा ग्रॅम

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान वजनकाटे दुरुस्त करतात. सोनाराचा नाजूक तराजू असो, वाण्याचा दणकट काटा असो, नाहीतर आमच्या पोस्टातला पार्सल तोलायचा काटा असो, बिघडला की त्यांच्याच दुकानात येतो. सगळी गल्ली त्यांना काटेवाले म्हणते, म्हणून मीही म्हणते. खाली दुकान, वर त्यांचं घर, आणि जिन्याच्या पलीकडच्या दोन खोल्यांत मी. त्यामुळे त्या घरात काही शिजलं, सांडलं किंवा बिनसलं की मला आधी कळतं.

माणूस सज्जन, पण काटेकोरपणाचं वेड लागलेला. चहात साखर किती घालू, असं विचारलं तर "साडेसात ग्रॅम" म्हणणार. पेटीतली पितळी वजनं ते कधी बोटांनी उचलत नाहीत, चिमट्याने उचलतात. बोटाचा घाम लागला तर वजन वाढतं म्हणे. असल्या माणसाशी संसार करायला बस चालवणारीच बाई हवी, आणि माझी बहीण बसच चालवते. ती सकाळी सहाला डेपोत जाते आणि दुपारी तीनला परत येते. तोवर त्यांची अडीच वर्षांची लेक बापाजवळ दुकानात असते.

या लेकीला आम्ही फौजदार म्हणतो. उंची टेबलाएवढी, पण हुकूम असा की समोरच्याने हातातलं टाकून उभं राहावं. फौजदार फक्त पांढरं आणि मऊ खायची. पावाचा आतला भाग, उकडलेला बटाटा, केळं. दूधही पांढरंच, पण ते चालत नसे. का, ते तिलाच ठाऊक. पिवळं, हिरवं, तपकिरी काही ताटात दिसलं की ती ताट दूर सारायची आणि "घेऊन जा" म्हणायची.

वजन वाढेना, तेव्हा काटेवाले तिला मुलांच्या दवाखान्यात घेऊन गेले. एकटेच गेले, ही पहिली चूक. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हिच्या पोटात प्रोटीन जात नाहीये. दिवसाला तेरा ग्रॅम तरी जायलाच हवं. अंडं द्या, दही द्या, कडधान्यं द्या, मासे द्या. महिन्याभरात तीनशे ग्रॅम वजन वाढायला हवं. नाहीच वाढलं तर मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल. तिथे रक्त काढून सगळ्या तपासण्या करतील."

रक्ताचं नावही काटेवाल्यांना सोसत नाही. लेकीला लस टोचताना हे गृहस्थ जमिनीवर आडवे झाले होते आणि लेक त्यांना वरून बघत होती. पण घरी आले ते छाती काढून. "ताई," मला म्हणाले, "आकडा मिळालाय. तेरा. आकडा मिळाला की अर्धं काम झालं."

दुसऱ्या दिवसापासून युद्ध सुरू झालं. सकाळी दहाला एक अंडं उकडायचं, सोलायचं, सोनाराच्या तराजूवर ठेवायचं आणि चिमट्याने कण काढत काढत बरोबर तेरा ग्रॅमवर आणायचं. मग ते तेरा ग्रॅम बटाट्यात दडवायचे. फौजदार बटाट्यातून अंड्याचा एकेक तुकडा शोधून काढायची आणि टेबलाच्या कडेला ओळीने मांडायची. काटेवाले ते तुकडे गोळा करून पुन्हा तोलायचे. "नऊ पूर्णांक चार पोटात. तीन पूर्णांक सहा बाहेर." मग त्या तीन पूर्णांक सहासाठी दुकानभर पाठलाग. एकदा अर्धा ग्रॅम कुठेच सापडेना. शेवटी तो काटेवाल्यांच्या चपलेत निघाला. त्यांनी तो झटकून पारड्यात टाकला, आकडा जुळला, आणि तेव्हाच त्यांचा जीव भांड्यात पडला. तराजू दुरुस्तीला दिलेला सोनार समोर उभा होता. तो म्हणाला, "माझं सोनंही कुणी एवढं जपत नाही."

बारा-साडेबारापर्यंत तेरा ग्रॅम पुरे व्हायचे. काटेवाले घामाने थबथबलेले असायचे, पण चेहऱ्यावर विजय असायचा. मी जेवायच्या सुट्टीत घरी आले की मला मुद्दाम हाक मारून सांगायचे, "ताई, तेरा." मी टाळ्या वाजवायचे. हो, वाजवायचे. दिवसभर पार्सलं तोलणारी बाई मी, पण माझ्याही डोक्यात काही आलं नाही. बहिणीने संध्याकाळी विचारलं की तिलाही उत्तर तेच, तेरा. तिने पाण्यात अंडं टाकलेलं बघितलं नव्हतं आणि तोललेलंही बघितलं नव्हतं. आकडा बरोबर होता, म्हणून ती निश्चिंत. उरलेलं अंडं रोज काटेवाले खायचे. महिनाभरात त्यांचा पट्टा एक भोक पुढे सरकला.

महिना झाला. या खेपेला मलाही बरोबर नेलं. सुई निघालीच तर त्यांना धरायला कुणीतरी हवं होतं. दवाखान्यातली सिस्टर भारदस्त बाई, आवाज शांत. तिने फौजदाराला काट्यावर बसवलं. जुन्या पद्धतीचा काटा, दांडीवर वजन सरकवायचं आणि दांडी सपाट झाली की आकडा वाचायचा. सिस्टरने वाचला आणि म्हणाली, "चाळीस ग्रॅम वाढलंय."

"शक्यच नाही," काटेवाले म्हणाले. "काटा खोटा आहे."

मी कपाळाला हात लावला. दवाखान्यात येताना या माणसाने पिशवीत वजनांची पेटी आणली होती. त्यांनी ती तिथल्या टेबलावर उघडली, चिमट्याने एकेक वजन पारड्यात ठेवलं, दांडी न्याहाळली, डोळे बारीक केले. बाहेर बाकावर पोरं रडत होती, आया डोकावत होत्या. पाच मिनिटांनी त्यांनी मान वर केली. "बघा, मी म्हणालो नव्हतो? काटा चुकतोय."

"किती?" सिस्टरने विचारलं.

त्यांचा आवाज एकदम उतरला. "दीडशे ग्रॅम. जास्त दाखवतोय."

म्हणजे पोरगी दिसत होती त्याहूनही दीडशे ग्रॅमने हलकी होती. दुसरा कुणी असता तर मूग गिळून गप्प बसला असता. यांनी खिशातून पेचकस काढला, खालचा स्क्रू पिळून काटा जागेवर आणला, आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या लेकीचं वजन घटवून ठेवलं.

सिस्टरने त्यांच्याकडे जरा आदराने बघितलं. "खायला काय देता हिला?"

"रोज तेरा ग्रॅम अंडं. तंतोतंत."

"अंडं तेरा ग्रॅम, का प्रोटीन तेरा ग्रॅम?"

काटेवाल्यांनी चिमटा खाली ठेवला.

"अहो, अंड्यात बरंचसं पाणीच असतं," सिस्टर म्हणाली. "पन्नास ग्रॅमच्या अख्ख्या अंड्यात प्रोटीन असतं सहा-सव्वासहा ग्रॅम. तेरा ग्रॅम अंडं म्हणजे चिमणीचा घास झाला."

मला हसू फुटलं. मग त्यांच्याकडे बघितलं आणि ते गिळून टाकलं. ते पोरांच्या बुटक्या स्टुलावर बसले होते, गुडघे हनुवटीपाशी, आणि ओठ हलत होते. हिशेब करत होते. "ताई," ते हळूच म्हणाले, "जेवढं हवं त्याचा आठवा हिस्सा. महिनाभर मी माझ्या पोरीला आठव्या हिश्श्यावर ठेवलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, माझ्याही. फौजदार मात्र पेटीतलं एक पितळी वजन चाटून बघत होती.

डॉक्टरबाईंनी आणखी एक महिना दिला. आजच्या खऱ्या वजनावर तीनशे ग्रॅम, नाहीतर मोठं हॉस्पिटल, आता सवलत नाही. निघताना सिस्टरने त्यांना बाजूला घेतलं. "काटा दुकानात ठेवा. तिच्यासमोर वाढा, स्वतः खा, आणि दुसरीकडे बघा."

दुसरीकडे बघा, हे त्या माणसाला सांगणं सोपं होतं, करणं नव्हतं. पहिले दोन दिवस त्यांनी तेराला आठाने गुणून दोन अंडी आणि वर थोडं, असा डोंगर ताटात रचला. फौजदाराने तो डोंगर बघितला आणि बटाटाही बंद केला. तिसऱ्या दिवशी माझ्या बहिणीने सोनाराचा तराजू कपाटात घातला, कुलूप लावलं आणि किल्ली बसच्या किल्लीबरोबर नेली. "अहो, पोरगी आहे ती," जाताना म्हणाली. "तोळ्यावर नाही वाढत."

त्याच दुपारी ते घडलं. काटेवाले निराश होऊन दुकानात आपलं जेवण जेवत होते. वाटीत मऊ शिजवलेले, ठेचलेले हरभरे होते. फौजदार आली आणि तिने एक बोट घातलं. ते इतके वैतागलेले होते की न बघताच म्हणाले, "ए, माझं आहे ते."

फौजदाराने चिमूटभर उचललं आणि खाल्लं.

मग ते मुद्दाम, जरा मोठ्याने म्हणाले, "हात नाही लावायचा हं. माझं आहे." तिने मूठभर उचललं.

तेव्हापासून आमच्या घरात कुणी तिला काही भरवलं नाही. सगळे फक्त आपापलं राखत बसायचे. मी घट्ट दह्याची वाटी घेऊन जिन्यावर बसायचे आणि ओरडायचे, "माझं दही." बहीण पावाला दाण्यांचा लगदा फासून भिंतीकडे तोंड करून बसायची. सोनार आला तर त्याच्याही हातात अर्धं अंडं दिलं जायचं. तो बिचारा मान वळवून म्हणायचा, "माझं अंडं, कुणी घेऊ नका बरं." फौजदार सगळ्यांना लुटत फिरायची. काटेवाल्यांचा हात मधूनच चिमट्याकडे जायचा. मग ते तो मांडीखाली दाबून ठेवायचे.

"किती गेलं असेल, ताई?" ते रोज विचारायचे.

"तोंड बरबटलंय," मी सांगायचे. "तेवढं पुरे."

महिना संपला. दवाखान्यात आम्ही तिघं गेलो, बहिणीने रजा टाकली होती. सिस्टरने फौजदाराला काट्यावर बसवलं आणि वजन सरकवत नेलं. मागच्या खेपेच्या आकड्यावर दोनशे गेलं, अडीचशे गेलं. शेवटी दांडी सपाट झाली. "तीनशे," सिस्टर म्हणाली. "बरोबर तीनशे."

बहिणीने डोळे मिटले. मी काटेवाल्यांना सावरायला हात पुढे केला, पण ते पोरीच्या डाव्या मुठीकडे बघत होते. मूठ घट्ट होती, आणि बोटांच्या फटीतून काहीतरी तपकिरी डोकावत होतं. निघताना त्यांच्याच डब्यातून उचललेले हरभरे.

"एक शब्द बोलायचा नाही," बहीण दातओठ खात कुजबुजली.

बोलू नये, हे त्यांनाही कळत होतं. तरी म्हणालेच. "सिस्टर, मुठीत हरभरे आहेत. दहा-बारा ग्रॅम तरी असतील. ते तिच्या वजनात धरता येणार नाहीत."

सिस्टरने एक उसासा टाकला आणि तळहात पुढे केला. "दे बाळा, बघू काय आहे."

फौजदाराने त्या हाताकडे बघितलं. मग बापाकडे बघितलं. "माझं आहे," ती म्हणाली आणि अख्खी मूठ तोंडात कोंबली.

ती चावत होती आणि दांडी डुगडुगत होती. आम्ही चौघं थांबून राहिलो. तिने सावकाश चावलं, गिळलं, तोंड उघडून रिकामं असल्याचं दाखवलं, तळहात चाटून पुसला आणि स्वस्थ बसली. दांडीही स्वस्थ झाली. तीनशेवरच.

"आता?" सिस्टरने विचारलं. "आता कुणाच्या वजनात धरायचे?"

काटेवाल्यांनी वाकून दांडी एका बाजूने बघितली, दुसऱ्या बाजूने बघितली. हा काटा त्यांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त केला होता. त्यात खोट काढायला त्यांना जागाच नव्हती.

"तिच्या," ते म्हणाले, आणि सिस्टरने तीनशे लिहिलं.