मामाचं गाव

नानांनी मला पहिल्या दिवशी नाव विचारलं नाही. केसपेपरच्या खिडकीतून चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "मामा कोठला तुना?" धुळ्याच्या त्या लहान मुलांच्या दवाखान्यात नवाकोरा कॉम्प्युटर आला होता आणि तो चालवायला म्हणून मी जळगावहून आले होते. हातात नेमणुकीचं पत्र, आणि हा माणूस मामा विचारतोय! हसू दाबत म्हटलं, "चोपड्याचा." नाना एकदम खुलले. "मंग आपलं नातंच लागनं. मनी सासरवाडी तठलीच शे."

खिडकीशी येणाऱ्या प्रत्येक आईला ते हेच विचारत आणि लेकराच्या कार्डावर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने मामाचं नाव-गाव लिहीत. छापील कार्डात त्याला जागा नव्हती. दवाखान्यात त्यावरून त्यांची थट्टा चाले. नाना म्हणायचे, "पोरनं आडनाव बापनं, पन आजारी पडस ते मामाना गावले."

दुपारी खिडकी बंद झाली की ते मागच्या रेकॉर्डच्या खोलीत जात. मीही तिथेच बसे. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा यायचा, त्यात धूळ तरंगायची आणि बाहेरच्या निंबाची सावली कपाटांवरून हळूहळू सरकायची. वॉर्डातलं रडणं तिथवर येईपर्यंत अगदी पुसट होई. मला गुंगी यायची. त्या गुंगीत वाटे, ही सगळी मुलं इथे कप्प्याकप्प्यांत झोपली आहेत आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून नाना चपला बाहेर काढून हिंडताहेत. एखादं कार्ड ते कानाशी नेल्यासारखं धरायचे. "कागद बोलस बेटा, ऐकनारा पाहिजे."

मी काही ऐकत नव्हते. मी कार्डं भराभर कॉम्प्युटरमध्ये भरत होते. नाव, वडील, गाव, वय, आजार. मामासाठी रकाना नव्हता, म्हणून पेन्सिलीचा कोपरा मी सोडून दिला. म्हाताऱ्याची हौस, दुसरं काय!

आमच्या डॉक्टरबाई तेव्हा एका अभ्यासाच्या मागे होत्या. पिंपळनेरकडची काही मुलं हातपाय सुजून, हाडं दुखून, डोळे पिवळे होऊन येत. हा एकच आजार असावा आणि तो त्याच मुलांना पुन्हापुन्हा गाठत असावा, असा त्यांना संशय होता. तेच मूल परत आलंय हे दाखवता आलं, तर त्यांचं रक्त मुंबईला तपासायला पाठवता येणार होतं. मी कॉम्प्युटरला विचारलं. त्याने सांगितलं, जवळपास सगळी मुलं एकेकदाच आलेली आहेत. बाईंचा चेहरा उतरला. "माझाच समज चुकला म्हणायचा," असं म्हणत त्या कागद बांधायला लागल्या. मला मात्र यंत्राने इतक्या झटकन उत्तर दिल्याचा अभिमान वाटत होता. दारात उभे असलेले नाना पुटपुटले, "असं कसं व्हई?"

त्याच आठवड्यात वॉर्डात सुनीता नावाची पोर आली. हात टम्म सुजलेले. कॉम्प्युटर म्हणे, पहिलीच खेप. नाना तिच्या आईजवळ उकिडवे बसले, मामाचं नाव-गाव विचारून गेले आणि तासाभराने तीन जुनी कार्डं घेऊन आले. तिन्हींवर वेगळी नावं, गावंही वेगळी, पण कोपऱ्यातला मामा तोच. आईने मान खाली घातली. "दुखनं पाठ सोडे ना, म्हनीसन नाव बदलं. नवं नाव दुखनाले सापडाव नही."

आमच्याकडे ही रीतच होती. लेकरू सारखं आजारी पडलं की त्याचं नाव बदलायचं. आजार जुन्या नावाने हाक मारत येतो आणि कुणी सापडलं नाही की परत जातो, अशी समजूत. आजार काही फसला नव्हता. फसला होता माझा कॉम्प्युटर, आणि त्याला फसवलं होतं मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाना रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "नाव बदलस, गाव बदलस. मायनं माहेर बदलस का?"

मग नवा रकाना केला. सगळी कार्डं पुन्हा काढली. नाना वाचत, मी भरत असे. कित्येक दुपारी तशा गेल्या. मामा आणि वय जुळलं की वेगवेगळ्या नावांची मुलं पडद्यावर एकमेकांजवळ येत आणि एक होत. रक्त मुंबईला गेलं आणि बाईंचा संशय खरा ठरला. तो सिकलसेल होता, रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा. सुनीता काही बरी झाली नाही, पण त्यानंतर ती आली की खिडकीवरच ओळखली जाई आणि उपचार लगेच सुरू होई.

नाना निवृत्त झाले त्या दिवशी हारतुरे आटोपून ते माझ्या टेबलाशी आले. दोऱ्याने बांधलेली तीन कार्डं त्यांनी पुढे ठेवली. "ह्या बी भरी ले, बेटा."

कार्डं पिवळी पडलेली होती. अक्षर दुसऱ्या कुणाचं, फक्त कोपऱ्यात मागाहून ओढलेली पेन्सिल नानांची. तिन्हींवर चोपडा. तीन मुलींची तीन नावं, आणि वडिलांच्या जागी तिन्हीकडे नानांचं नाव.

"मनी आंडेर, मनी पोर," नाना म्हणाले. "मी नोकरीले लागनू, त्याना आगोदरनी गोट. नाव मीच बदलं. दर खेपले डॉक्टर पुसे, पहिल्यांदाच आनी का? मी हा म्हनू. जुनं नाव तोंडवर लेवानं नही, असं घरमा ठरेल व्हतं. तिसरी खेपले ती घर ऊनी नही."

मी तिन्ही कार्डं भरली. पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांत तीन ओळींची एक झाली. नाना वाकले, काचेवर बोट ठेवून म्हणाले, "आते एकच शे ना?"

"एकच आहे, नाना. वर कोणतं नाव ठेवू?"

झरोक्यातला उन्हाचा पट्टा त्यांच्या खांद्यावर आला होता.

"पहिलं," ते म्हणाले. आणि मग इतक्या वर्षांत तोंडावर न घेतलेलं ते नाव त्यांनी हळूच, हाक मारावी तसं उच्चारलं, "कमल."