भाचीच्या लग्नातली काच

माझ्या भाचीला दोन नावं आहेत. एक तिच्या आईबापांनी ठेवलेलं आणि एक सासरचं. सासरचं नाव तिला नको होतं. ते तिला चिकटलं माझ्यामुळं, तेही भर मांडवात, माईकवरून, टाळ्यांच्या गजरात. दोन्हींपैकी एकही नाव मी इथं लिहिणार नाही. नावं लिहिण्याची माझी हौस आता फिटली आहे.

ही हौस मला पंचेचाळिशीत लागली. मी कळंबला शाळेत लिपिक. दिवसभर दाखले लिहायचे आणि संध्याकाळी मोबाइलवर काहीतरी नवं खूळ शोधायचं. तिथं एक बाई काचेच्या पेल्यावर मलम लावून तो पाण्याखाली धरताना दिसली. मलम धुऊन गेलं आणि काचेवर धुक्यासारखी पांढरी अक्षरं उरली. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. आठ दिवसांत काच खाणाऱ्या त्या मलमाची डबी घरी आली.

काम तसं सोपं. गाड्यांच्या नंबरप्लेटा करणाऱ्या रेडियमवाल्याकडून चिकट कागदावर नाव कापून आणायचं. सुईनं अक्षरं उचलून टाकायची आणि उरलेला कागद काचेवर दाबून बसवायचा. रबरी हातमोजे घालून वर मलम थापायचं, थोडं थांबायचं, धुवायचं. कागद ओढला की नाव काचेत उतरलेलं. वर लावलेलं नव्हे, आत उतरलेलं. घासा, राख लावा, जाणार नाही. मला याचंच भारी अप्रूप होतं.

आमच्याकडं भांड्यावर नाव घातल्याशिवाय आहेर पुरा होत नाही. घागरीवर टिंबाटिंबांनी ठोकलेलं ‘मामाकडून सप्रेम भेट’ पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. मी म्हटलं, पितळ पुरे झालं, आता काच. वास्तुशांतीला सहा पेल्यांचा संच, बारशाला फोटोची चौकट, निवृत्त होणाऱ्या गुरुजींना नाव घातलेला तांब्या, तोही काचेचा. त्यांनी तो भीतीनं कधी वापरला नाही. घरातल्या बरण्याही मी सोडल्या नाहीत. ‘हळद’ असं कोरलेल्या बरणीत बायकोनं मुद्दाम मीठ भरलं.

“आता माझ्या चष्म्यावर नाव घालायचं तेवढं राहिलंय,” ती म्हणाली.

“घालू का?”

“घाला. म्हंजी तुम्ही तरी दिसणार न्हाय.”

अशा भरात भाचीचं लग्न ठरलं. बहीण आमच्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडं. मुलगा शेजारच्याच वाशीचा. आमच्यात लग्नानंतर मुलीचं नाव बदलतात. सासरी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यावर नवं नाव लिहितो. एरवी ते नाव तोपर्यंत गुलदस्त्यात असतं. पण मुलाच्या वडिलांचा मला फोन आला. लग्नात माईक माझ्याच हाती असतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

“मामा, नाव ठरलंय बरं का. भटजींनी अक्षर काढून दिलंय. तुम्हाला म्हणून सांगतो. पोरीला आत्ताच बोलू नका.”

गुपित मिळालं की मला पोटात गुदगुल्या होतात. मी त्याच दुपारी हातभर लांबीची जाड काच आणली. सुताराकडून लाकडी बैठक करून घेतली आणि तिच्या खाचेत दिव्यांची पट्टी बसवली. खालून उजेड गेला की कोरलेली अक्षरं पेटून उठायची. वर त्याचं नाव, खाली तिचं नवं नाव, मधे मोर.

लग्नाला आठ दिवस होते. रविवारी सकाळी मी सुईनं मोराचा पिसारा सोडवत बसलो होतो आणि भाची दारात आली. मी झटकन काचेवर चादर टाकली आणि वर हात पसरून उभा राहिलो.

“मामा, जरा बोलायचं होतं.”

“आत्ता नाही. लग्नानंतर बोल.”

“पाचच मिनिटं. तुम्ही आईला समजावून सांगाल म्हणून आले.”

“नवरीनं या खोलीत यायचं नाही, असा हुकूम आहे.”

“कुणाचा?”

“माझा.”

ती हसली. अर्धं हसली, असं आता वाटतं. मी तिला खांद्याला धरून दारापर्यंत पोचवलं आणि आतून कडी लावली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, पोरगी काय म्हणती ते ऐका की.” मी पिसाऱ्याकडं वळलो.

लग्न दुपारचं होतं. अक्षता पडल्यावर मी माईक घेतला, दोन विनोद केले, वऱ्हाडाला डोळे मिटायला लावले आणि काचेवरची शाल ओढली. मांडवात टाळ्या पडल्या. मी नवं नाव तीनदा पुकारलं. फोटोवाल्यानं दोघांना काचेच्या दोन बाजूंना उभं केलं. नवरा तिच्याकडं बघत होता, ती काचेकडं. ती भारावून गेली आहे असं मी धरून चाललो.

महिनाभरानं ती माहेरी आली तेव्हा मला भेटायला आली. चहाची कपबशी हातात धरून म्हणाली, “त्या दिवशी मी हेच सांगायला आले होते, मामा. मला नाव बदलायचं नव्हतं. त्यांचीही तयारी होती. ते ताटात माझंच नाव लिहिणार होते. चार पाहुण्यांसमोर कुणी काही बोललं नसतं.”

“मग लिहिलं का नाही?”

“कसं लिहिणार? काच पुढंच लावून ठेवली होती, दिवे लावून. सासरे म्हणाले, नाव तर लागलंय की, बघून लिही.”

जन्मभर माईकवर बोलत आलेला माणूस मी. मी विचारलं, “पण काच चांगली झाली होती ना?”

“चांगलीच झाली होती,” ती म्हणाली.

माफी मागायची ती वेळ होती. ती मी चहाबरोबर गिळली. पुढं एकदा म्हणालो की तुझ्या नावाची दुसरी करून देतो, त्याहून मोठी. ती म्हणाली, “नका करू. घरात लावता येणार नाही, आणि ट्रंकेत ठेवायला काच कशाला?” तिच्या रेशनकार्डावर, आधारवर आता नवंच नाव आहे. शाळेत मुलांचे दाखले मी रोज लिहितो. नाव बदलण्याचा अर्ज आला की हात थोडा थांबतो, इतकंच.

मी मात्र तिला जुन्याच नावानं हाक मारायची, असं ठरवून टाकलं. यंदा भाऊबीजेला बहिणीकडं गेलो, तर तीही आलेली. अंगणात पाठमोरी बसून पणत्यांतल्या वाती सारख्या करत होती. आतून बहिणीनं तिला बोलावलं, सासरच्या नावानं. पोटच्या लेकीला. “आले,” म्हणून ती उठली.

“तू पण?” मी बहिणीला विचारलं.

“तिच्या सासऱ्यांसमोर तसंच म्हणावं लागतं. मग जिभेला सवय झाली बघ दादा.”

मी अंगणात गेलो. माझा आवाज मोठा आहे, गल्लीच्या टोकापर्यंत जातो. त्या आवाजात मी तिच्या जुन्या नावानं हाक मारली. ती आतून तेलाची वाटी घेऊन पणत्यांकडं निघाली होती, तशीच चालत राहिली. मी पुन्हा हाक मारली. तेव्हा ती थांबली आणि वळून म्हणाली, “मला बोलावलंत होय मामा? मला वाटलं, शेजारच्या कुणाला.”