परक्याच्या थडग्यावरची फुलं

काही बोलण्याआधी आमच्या ऑफिसातले काका दाराकडे बघायचे. मग खुर्ची माझ्याजवळ सरकवून म्हणायचे, "ताई, हळू बोला." आणि सांगायचं असायचं इतकंच, की आज चहात साखर जास्त पडलीय.

असा भित्रा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. शारजातल्या आमच्या ऑफिसात अमेरिकन लोकांच्या वंशावळी शोधून देतात. काकांचं टेबल माझ्या शेजारी, अल मजाजमधलं घरही माझ्याच इमारतीत, त्यामुळे जाणंयेणं त्यांच्या गाडीतून. रस्त्यावरच्या वेग टिपणाऱ्या रडारच्या धास्तीनं ते इतकी सावकाश चालवायचे, की मागचे हॉर्न वाजवून थकायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, यांच्यामागे एचआर होता. तिथून बोलावणं आलं की आधी पाणी प्यायचे. मी हसायचे, पण त्यांची मुलगी बारावीला होती आणि मायलेकी दोघीही त्यांच्याच व्हिसावर होत्या. नोकरी गेली तर सगळं बस्तान गुंडाळावं लागलं असतं.

त्यांच्याकडे एका अमेरिकन आजीबाईंचं काम होतं. बाईंचा पूर्वज सायलस एमॉस ड्रे हा तिकडच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला शिपाई, पुढे लाकडी पिंपं बनवून पोट भरणारा. काकांनी त्याचे वडील शोधून दिले. त्याच गावचा एमॉस ड्रे. बाई हरखल्या. त्या एमॉसच्या थडग्यावर फुलं ठेवून दर रविवारी काकांना फोटो पाठवू लागल्या.

एकदा जेवणाच्या सुट्टीत काकांनी डबा उघडलाच नाही. चेहरा पांढराफटक पडला होता. मधलं नाव बापाचं, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. तिकडे तसं नसतं हे ठाऊक असूनही सवयीनं त्यांनी तेच त्या शिपायाला लावलं होतं. आता कळलं, की मधलं नाव त्याच्या आईच्या वडिलांचं होतं. थडग्यातला एमॉस ड्रे भलताच कुणी होता.

कुणाला कळणार आहे, असं मी म्हटलं.

"ताई, ती बाई परक्याच्या बापाला पाणी देतेय. माझ्यामुळे."

त्यांनी डबा तसाच पिशवीत ठेवला. मलाही भीती वाटली, त्यांच्या मुलीसाठी जास्त. निदान तिची परीक्षा होऊ द्या, म्हणून मी त्यांना विनवलं. ते उठून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. दार अर्धवट उघडं होतं.

"क्लायंट खुश है ना? फिर खलास," मॅनेजर म्हणाला. बाईंना काही कळवलं तर व्हिसा कॅन्सल, हेही त्यानं शांतपणे सांगितलं.

काका जागेवर आले, पाणी प्यायले आणि बाईंना मेल पाठवून मोकळे झाले.

महिन्याभरात घर रिकामं झालं. बारावी अर्धवट राहिलेली मुलगी मला लिफ्टमध्ये भेटली. तीच म्हणाली, "आंटी, ही वॉज सो स्केअर्ड. स्टिल ही सेंट इट."

बाईंचं उत्तर ते गेल्यावर आलं. त्या रागावल्या नव्हत्या. खरं सांगणारा माणूस मिळाला, आता खरे वडीलही याच गृहस्थांनी शोधावेत, असं त्यांनी लिहिलं होतं. मॅनेजरनं ते काम माझ्याकडे दिलं आणि काका रजेवर आहेत असं कळवायला सांगितलं.

बाई दर आठवड्याला विचारतात, ते परत कधी येणार? खरं उत्तर मला माहीत आहे. पण माझाही नवरा आणि मुलगा माझ्याच व्हिसावर आहेत.