तेल लावलेल्या केसांत कात्री

२४ जानेवारी, शनिवार. काम: कपाळावरच्या बटा कापणे. दुसऱ्या दिवशी रथसप्तमी, म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. दरवर्षी मी याच दिवशी उरकते. शाळेत रजा टाकली होती. वाण म्हणून आणलेल्या स्टीलच्या गाळण्या मोजून झाल्या होत्या, तीळ भाजून झाले होते, बायकांची यादी फ्रीजवर लावली होती. राहिले होते माझे केस.

माझ्या बटा मी स्वतः कापते. लॉकडाऊनमध्ये आमच्या सौंसरचं पार्लर बंद झालं आणि केस डोळ्यांत जायला लागले, तेव्हा मोबाईलवर पाहून शिकले. अवघड काही नाही. मी गणित शिकवते. हे त्रिकोणाचं काम आहे. केस धुऊन पूर्ण वाळवायचे. टाळूपासून दोन्ही भुवयांच्या बाहेरच्या टोकांपर्यंत त्रिकोण घ्यायचा, बाकीचे केस मागे बांधून टाकायचे. त्रिकोणातले केस दोन बोटांत धरून नाकापर्यंत आणायचे. कात्री आडवी चालवायची नाही, उभी धरून टोकं टिपायची. थोडं थोडं वर जायचं आणि भुवईच्या खाली थांबायचं. बाजूचे लेयर्स गालाच्या हाडापासून हनुवटीकडे तिरके. केसांची कात्री वेगळी ठेवायची. त्या कात्रीने मी दुधाची पिशवीसुद्धा कापू देत नाही.

गच्चीवर ऊन चांगलं होतं. आरसा टाकीला टेकवला, खाली पेपर पसरला आणि माझं काम दहा मिनिटांत झालं. माझी धाकटी जाऊ शेजारी बसून गाळण्यांना कागद गुंडाळत होती. ती पांढुर्ण्याला राहते, औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करते. तिचा नवरा, माझा दीर, दोन वर्षांपूर्वी गेला. छातीत दुखतं म्हणाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. तेव्हापासून शनिवार-रविवारी ती कधीमधी माझ्याकडे येते.

"पन्नाशी आली तरी हिरोईन बनून राहिल्या तुम्ही," ती म्हणाली.

"जळू नको वं. तुह्याबी कापून देतो."

मी गमतीत म्हटलं होतं. ती लगेच उठली आणि माझ्यासमोर येऊन बसली. "कापा मंग."

"तुले कायले पायजे? एवढंसं तं कपाळ हाये."

"म्हणूनच." तिने हातातला कागद घडी करून बाजूला ठेवला. "दुकानात लोकं चिठ्ठी देतात अन् पहिले कपाळ पायतात, मंग तोंड. टिकली लावली तं म्हणतात, लावते वाटते अजून. नाई लावली तं म्हणतात, बिचारी. मले दोन्हीबी आयकाचं नाई, ताई. वरतून बटा असल्या म्हणजे खाली काय हाये, कोणाले दिसतच नाई."

असं कारण मी कुठल्याही व्हिडिओत ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "शनिवारी कापले तं चालते ना तुले?"

"शनीले माह्याकडून आता काय घ्याचं राह्यलं हाये?" ती हसली. मी कंगवा उचलला.

तिचे केस मऊ आणि लाटांचे. आदल्या दिवशी तिने चपचपीत तेल लावलं होतं, त्यामुळे ते दोऱ्यासारखे सरळ झाले होते. मला वाटलं, बरं झालं, केस उडत नाहीत, कंगव्यात नीट बसतात. मी स्वतः डोक्याला तेल लावत नाही. चूक तिथेच झाली, पण ती कळायला अजून दोन तास होते.

त्रिकोण घेतला, केस नाकाशी आणले. ती डोळे मिटून बसली होती. मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं निघते मी. या खेपी बोरं आणाले पाठवाचं काम पडणार नाई."

मागच्या रथसप्तमीला मी तिला मोहगावला पाठवलं होतं. तिथे आमच्या ओळखीचं घर आहे. म्हटलं, त्यांच्या झाडाची बोरं गोड असतात, वाणाला लागतील, घेऊन ये. ती परत आली तोवर बायका येऊन गेल्या होत्या, रांगोळी पुसली गेली होती. मी तिला चहा दिला आणि बोरं टोपलीत ओतली. मला वाटत होतं, मी तिला अवघडण्यापासून वाचवलं. तिला कळलं असेल असं मी वर्षभर मनात येऊ दिलं नव्हतं.

"बोरं तं आपल्या बाजारातबी होती, ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दुकानात औषध कसं घ्यायचं ते सांगते, तसाच आवाज.

"डोकं हालवू नको," मी म्हटलं.

माझा हात हलला नाही, हे मी खात्रीने सांगते. भुवईच्या खाली बरोबर थांबले. बाजूचे लेयर्स तर माझ्यापेक्षा छान उतरले. तिने आरशात पाहिलं, मान इकडे तिकडे वळवली, बोटाने बटा सारख्या केल्या. कपाळ दिसत नव्हतं. "झालं माहं काम," म्हणाली आणि खाली न्हायला गेली.

न्हाऊन, केस वाळवून ती स्वयंपाकघरात आली तेव्हा मी पाकाला बसले होते. वर पाहिलं आणि झारा हातातच राहिला. तेल निघाल्यावर लाटा परत आल्या होत्या, आणि बटा चांगल्या दोन बोटं वर चढल्या होत्या. भुवया मोकळ्या, त्यांच्यावरचं कपाळ मोकळं. बरोबर टिकलीची जागा तेवढी उघडी पडली होती. झाकायचं म्हणून कापले आणि आता दुरूनही नजर तिथेच जात होती.

ती फ्रीजच्या चकचकीत दारात पाहत उभी राहिली. मी म्हटलं, "महिन्याले अर्धा इंच वाढतात."

मग एकदम हसू फुटलं तिला. "ताई, हे तं खिडकीले झालर लावल्यावानी झालं!"

दोघी हसलो. हसता हसता ती खुर्चीवर बसली आणि डोळे पुसायला लागली. ते किती वेळ पुसत होती ते मी पाहिलं नाही. पाक पुढे गेला असता. गॅस बारीक केला आणि तिच्याकडे पाठ असतानाच म्हटलं, "मागच्या साली माहं चुकलं."

"हाव," ती म्हणाली. माफ केलं वगैरे नाही. नुसतं हाव.

"उद्या थांब."

"थांबून काय करू? आत बसून गाळण्या पुरवू?"

"दारात उभी राह्य. कुयरी तू धर. हळदीकुंकू तू लाव." आमच्याकडे हळदीकुंकवाची कुयरी सासूबाईंची आहे, पितळेची, धरायला जड.

ती बराच वेळ बोटाने बटा खाली ओढत होती. सोडल्या की त्या परत वर जात होत्या. "मले तमाशा नको, ताई. कोणी उंबऱ्यापर्यंत आली अन् मले पाहून मागं फिरली, तं मले नाई सहन होणार. त्यापेक्षा मोहगाव बरं."

मी पाकात तीळ ओतले. ती म्हणाली, "सकाळी सांगते." संध्याकाळी तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली दिसली. मी हलवली नाही.

जेवणं झाल्यावर मी फ्रीजवरची यादी काढून वाचली. तीच यादी मी वर्षानुवर्षं उतरवून काढते. तिच्यात एक नाव नव्हतं, भिंतीपलीकडच्या बाईंचं. आमच्याच शाळेतून निवृत्त झाल्या. चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले, तेव्हा मी यादी उतरवताना ते नाव गाळलं. गाळताना काही वाटलं नव्हतं, हेच आता वाटत होतं.

सकाळी उठले तर जाऊ अंगणात रांगोळी घालत होती. बटा दोन्ही बाजूंना पिना लावून मागे घेतल्या होत्या, पूर्ण कपाळ उघडं. कोरडं. पिशवी दाराशी नव्हती.

"पिना कायले लावल्या?" मी विचारलं.

"डोयात येत नाई अन् झाकतबी नाई. मंग कायले ठेवू पुढं?" तिने ठिपके मोजत मोजतच सांगितलं. "पण ताई, ते उंबऱ्याचं..."

"ते पाहतो मी."

चहा घेतला, चष्मा लावला आणि यादी घेऊन पायरीवर बसले, तिला ऐकू येईल अशी. पहिल्या नावापासून फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येकीला तेच सांगितलं, एका दमात. "आज सांजच्याले हळदीकुंकू हाये. दारात माही धाकटी जाऊ हळदीकुंकू लावणार हाये. जिले चालत नसन तिनं आत्ताच सांगा, राग नाई. तीळगूळ अन् गाळणी घरी पोचती करतो."

एक म्हणाली, "मंग मी नाई येत वो."

"बरं. सांजच्याले गाळणी पाठवतो," मी म्हटलं आणि नावापुढे खूण केली. एक म्हणाली, सासूला विचारून सांगते. तिचा परत फोन आला नाही. बाकीच्या काही थांबून, काही पटकन, येतो म्हणाल्या. रांगोळीवरचा हात प्रत्येक फोनला थांबत होता आणि मग पुढे चालू होत होता.

यादी संपल्यावर खाली एक नाव मी पेनाने लिहिलं. त्यांना फोन नाही लावला. भिंत कमरेएवढीच आहे. भिंतीशी गेले आणि हाक मारली. बाई तुळशीला पाणी घालत होत्या.

"बाई, आज आमच्याकडं हळदीकुंकू हाये. तुम्ही यायचं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, रांगोळीपाशी बसलेल्या जावेकडे, तिच्या पिना लावलेल्या केसांकडे.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"पाच वाजता," मी सांगितलं, आणि आत जाऊन कुयरी चिंचेने घासायला घेतली.