रियाझच्या स्क्रीनवरचा बाण

इथं पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. शेजारचा दुकानदार दर अमावस्येला लिंबू-मिरची बदलतो आणि मी दर अमावस्येला त्याची चेष्टा करतो... या गोष्टींवर माझा विश्वास एवढाच. चेष्टा आजही करतो, पण हल्ली आवाज जरा कमी असतो.

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं डिजिटल बोर्डचं, म्हणजे फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवडीचं अभिनंदन, श्रद्धांजली — चौकात लागतं ते सगळं. रियाझ माझा भागीदार. माझं टेबल उजवीकडं, त्याचं डावीकडं. डिझाईन मी करायचो. छपाईचं मशीन त्याच्या कॉम्प्युटरला जोडलेलं, म्हणून शेवटचा हात त्याचा. प्रिंट सोडण्याआधी तो बोर्डवरचं नाव उलटं तपासायचा. माऊसचा बाण शेवटच्या अक्षराखाली न्यायचा आणि उजवीकडून डावीकडं, एकेका अक्षराखाली थांबत यायचा.

"सरळ वाचलं की डोळा फसतोय भावा," म्हणायचा. "उलटं वाच, चूक आपसूक घावत्या."

"उर्दू शाळेची सवय, दुसरं काय," मी चिडवायचो.

"आसंल की."

या उन्हाळ्यात गडमुडशिंगीच्या घरून दुकानाला येताना त्याच्या गाडीला ट्रकनं उडवलं. डोक्याला मार. तो शुद्धीवर आलाच नाही, श्वासही मशीनवरच.

बोर्डांना थांबून चालत नाही. दोन टेबलांमध्ये पळून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्यानं सॉफ्टवेअर टाकून दिलं — एकाच कीबोर्ड-माऊसवर दोन्ही कॉम्प्युटर चालतात. बाण माझ्या स्क्रीनच्या डाव्या कडेला ढकलला की तो रियाझच्या स्क्रीनवर उजवीकडून निघतो. रियाझचा माऊस काढून मी ड्रॉवरमध्ये ठेवला. ठेवताना रडू आलं, खोटं कशाला सांगू.

थोड्याच दिवसांत, भर दुपारी, एक वाढदिवसाचा बोर्ड त्याच्या स्क्रीनवर उघडला, बाण तिकडं सोडला आणि मी डबा उघडला. हातात भाकरी होती... आणि बाण हलला. नावाच्या शेवटच्या अक्षराखाली गेला. थांबला. मग त्याच्या आधीच्या. असा पहिल्या अक्षरापर्यंत आला आणि गप्प झाला. घास तसाच हातात राहिला.

दुसऱ्या दिवशी बोर्ड उघडून, बाण तिकडं नेऊन मी माझ्या माऊसची वायरच उपसली. इंटरनेटही बंद केलं. तरी बाण उलटाच चालत आला. कॉम्प्युटरवाला म्हणाला, माऊसच्या सेन्सरवर ऊन पडलं की बाण थरथरतो. थरथरेल की. पण वायर नसताना? आणि नेमका नावाखालून?

मला भीती वाटली नाही. आनंद झाला. गडी शुद्धीवर नाही, पण कुठंतरी आहे, असंच मी धरून चाललो.

तिकडं डॉक्टरांनी हात टेकले होते. मशीन काढून घरी न्यायचं, असं रियाझच्या थोरल्या भावानं ठरवत आणलं होतं. त्याच दिवसांत मी रियाझच्या बायकोला, तबस्सुम भाभींना, दुकानात आणलं. त्यांनी बाण बघितला. स्क्रीनवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या.

"ते कामाला लागल्यात," म्हणाल्या. "मशीन काढू द्यायची न्हाय मी."

आणि खरंच काढू दिलं नाही. रियाझच्या पाठीला जखमा झाल्या, हातापायाच्या काड्या झाल्या. थोरला भाऊ मला दवाखान्याच्या जिन्यात म्हणाला, "आनि किती हाल करायचं त्येचं? तू काय सांगितलंस रं तिला?" मी म्हटलं, येतोय तो. बाण रोज चालत होता, मी रोज भाभींना फोन करत होतो.

एका सकाळी मशीन चालू असतानाच रियाझ गेला.

दफन झाल्यावर गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी त्याच्या श्रद्धांजलीचा बोर्ड सांगितला. फोटो लावला, नाव टाकलं, त्याच्या स्क्रीनवर उघडलं. बाण तिकडं सोडला आणि वायर उपसून बसलो. आता तो हलणार नाही, याची मला खात्री होती. हलू नये असंच वाटत होतं.

बाण हलला. रियाझच्या नावाखालून, शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत, रोजच्याच चालीनं.

म्हणजे तो येत नव्हता. त्याच्या श्वासाशी या बाणाचा काडीचा संबंध नव्हता. मग एवढे दिवस आम्ही त्याला कशासाठी झिजवलं?

चाळिसावा झाल्यावर भाभी दुकानात आल्या. त्या येणार म्हणून मी रियाझची स्क्रीन आधीच बंद करून ठेवली होती. चहा आला, पण त्यांनी कप उचलला नाही.

"आता हलतोय का ओ बाण?"

"न्हाय भाभी. त्या दिवसापासनं एकदाबी न्हाय."

त्या बराच वेळ रडल्या. मग पदरानं तोंड पुसलं आणि गार झालेला चहा घेतला.

"म्हंजे तेच हुते," म्हणाल्या. "सगळी मला येड्यात काढत हुती. मशीन काढू दिली न्हाय, ते बरंच झालं."

मी होकारार्थी मान डोलावली.

ते सॉफ्टवेअर काढायचं धाडस अजून झालेलं नाही. आज दुपारी एका बारशाचा बोर्ड होता. बाण उलटा चालत आला, बाळाच्या नावाच्या पहिल्या अक्षराखाली थांबला. नावात चूक नव्हती. मी प्रिंट सोडली.

कुणाला कारण ठाऊक असेल तर मला जरूर सांगा. फक्त भाभींच्या कानावर जाऊ देऊ नका.