निंबाच्या पाण्यातले आंबे

सासरे, म्हणजे आमचे मामाजी, गेल्यानंतरची ती पहिली अक्षय तृतीया. त्या दिवशी पितरांच्या पानावर आंबा ठेवल्याशिवाय आमच्याकडे कुणी आंबा तोंडाला लावत नाही. तलावाच्या पाळीवर सासऱ्यांनीच लावलेल्या झाडाचा आंबा यंदा त्यांच्या पानावर हवा, असं सासूबाईंनी मनाशी धरलं होतं. पण सणाआधीच वादळात फांदी मोडली आणि पाडाला आलेले आंबे आम्ही घाईघाईनं धानाच्या तणसात पिकत घातले.

उघडून पाहिलं तर काहींच्या देठापाशी काळे डाग, वर बुरशी. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

माझ्या माहेरी, लाखांदूरकडे, बुरशी धरू नये म्हणून कडुनिंबाचा पाला उकळून, ते पाणी गार झालं की त्यात आंबे बुडवतात. डागी बाजूला काढून उरलेल्यांना मी तेच केलं. नवऱ्यानं मदत म्हणून त्यांच्यावर ओलं पोतं पांघरलं. जन्मभर मासे त्यानं ओल्या पोत्याखालीच टिकवले, त्याचं तरी काय चुकलं? पण बुरशीला आयतंच फावलं. मी त्याला नको नको ते बोलले.

वाचले ते पुन्हा निंबाच्या पाण्यातून काढले आणि चहूबाजूंनी वारा लागावा म्हणून दोन खाटांमध्ये जुनं जाळं बांधून त्यावर पसरले.

“काहून वं, आंबे सुकवून राहिली का मासोया?” सासूबाई म्हणाल्या. पण येता-जाता एकेक आंबा उलटवून त्याच पाहत होत्या.

सणाच्या सकाळी मोजकेच उरले, पण पिवळेधमक, कुठे डाग नाही. मी ते धुऊन मोठ्या ऐटीत सासूबाईंपुढे ठेवले. त्यांनी ते बाजूला सारले, डागी आंब्यांतला एक उचलला आणि विळीवर त्याचा काळा भाग काढू लागल्या.

माझं डोकंच फिरलं. “आई, पितरांले डागी आंबा? मंग मी हा आटापिटा कायले केला?”

त्यांनी मान वर केली नाही. “तुह्या मामाजीनं चांगला आंबा कधी खाल्ला का वं? डागी तेवढे आपल्याकडे ओढत होते. चांगला ठेवला त म्हंतील, पोरायले दे.”

त्यांनी उरलेली फोड पानावर ठेवली. चांगले आंबे पोरांनी खाल्ले, कोपरापर्यंत रस गाळत.