तर्री-पोह्यांची परीक्षा

काल दार रंगवायला आलेल्या पेंटरने टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि त्या वासाने मला थेट जुन्या वॉर्डात नेलं.

तेव्हा नर्स होऊन मला जेमतेम महिना झाला होता. नागपुरातल्या आमच्या वॉर्डात एक घाणेरडी रीत होती. नव्या मुलीला किडे पडलेल्या जखमेचं ड्रेसिंग करायला लावायचं आणि लगेच तिच्यापुढे तर्री-पोह्यांची, म्हणजे झणझणीत लाल रस्सा ओतलेल्या पोह्यांची प्लेट ठेवायची. प्लेट संपवली की ती अनुभवी!

माझ्या वाट्याला खापा गावच्या एका म्हाताऱ्या काकांचा पाय आला. जखमेत टर्पेंटाइन ओतताच पांढऱ्या अळ्या वळवळत वर आल्या. चिमट्याने एकेक काढताना सडका वास थेट घशात उतरत होता. मला उमासा आला. काका हळूच म्हणाले, "येऊ दे वं पोरी, लाजू नको. मी त याच वासात रोज जेवून राहिलो."

मग त्यांच्या खाटेसमोरच मी ते पोहे कसेबसे गिळले. "झाली वं ही जुनी!" म्हणत साऱ्या सिस्टर्सनी टाळ्या वाजवल्या.

अळ्यांची किळस कधीच गेली. त्या टाळ्यांची मात्र अजून शिसारी येते. ज्यांच्या पायावर ही परीक्षा झाली, ते पडून असलेले काकाही टाळ्या वाजवत होते.